आरएसवाले, जीटीआयवाले, फियाटवाले : गाडीवरून माणूस ओळखता येतो का?

तिसरा_गिअर (मुलुंड)

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहून टाकतो.

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला वरळी सी फेसला चहा पीत उभा होतो. शेजारी माझी २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २३० पीएसवाली (पीएस, बीएचपी, हॉर्सपॉवर ही इंजिनाच्या ताकदीची जवळपास सारखीच मापं). तेवढ्यात फोक्सवॅगनची एक नवी गोल्फ जीटीआय येऊन थांबली आणि तिच्या मागोमाग नवी आरएस. २०२५ मध्ये या दोन्ही गाड्या पाच महिन्यांच्या अंतराने इथे आल्या, मे महिन्यात जीटीआय, ऑक्टोबरात आरएस. पहिल्या खेपेला जीटीआय दीडशे आणि आरएस अवघ्या शंभर, म्हणजे दोघी एका जागी दिसणं हीच मोठी गोष्ट. दहा मिनिटांत वीसेक माणसं जमली आणि वाद पेटला.

वाद गाड्यांचा असता तर मी तासभर ऐकत बसलो असतो. पण तो लगेच मालकांवर घसरला. जीटीआयवाले म्हणजे नुसता बॅज मिरवणारे. आरएसवाले म्हणजे घरी 'डिकी मोठी आहे' सांगून गाडी पदरात पाडून घेणारे. बीएमडब्ल्यूवाला इंडिकेटर देत नाही, मस्टँगवाल्याला वळण नको, फियाटवाला कायम गॅरेजात. सगळे हसत होते. मला हसू आलं नाही, कारण हे शिक्के पुढे कुठे पोचतात ते मी नुकतंच बघितलंय.

आमच्या सोसायटीत पोडियमवर टायरचे काळे पट्टे उमटले. मीटिंगमध्ये विषय निघाला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कुणी नाव घेतलं नाही. सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "ज्यांच्याकडे रेसच्या गाड्या आहेत त्यांनी लक्षात घ्यावं." आठवडाभराने कॅमेऱ्यात दिसलं की ते पट्टे सामान उतरवायला आलेल्या टेम्पोचे होते. टेम्पोला कुणी काही बोललं नाही आणि माझ्याशीही त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही.

तर विचारायचंय ते हे. गाडीमुळे माणूस तसा होतो, की तसा माणूस ती गाडी निवडतो, की हे सगळं बाहेरून चिकटवलेलं असतं? आपापल्या गाडीवरून सांगा.

वृश्चिक_रास (डोंबिवली)

दादा, माझ्याकडे फियाटची पुंटो अबार्थ आहे, म्हणजे तुमच्या यादीतला 'कायम गॅरेजात' तो मीच.

आधी गाडीबद्दल. २०१५ मध्ये ९ लाख ९५ हजारांत १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन, १४५ बीएचपी, २१२ न्यूटनमीटर ओढ (टॉर्क) आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. दहा लाखांच्या आत असं दुसरं काहीच मिळत नव्हतं. आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं. आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्या चालवून हिच्यात बसलं की रस्त्यावरची खडी तळहाताला कळते. माळशेजच्या वळणांवर मला हे रोज नव्याने कळतं असं म्हटलं तरी चालेल. दारावरचा विंचू बघून लोक चेष्टा करतात. कार्लो अबार्थ यांचा जन्म १५ नोव्हेंबरचा, वृश्चिक राशीचा, म्हणून तो विंचू. माझी रासही तीच, त्यामुळे नाव घेतलं.

आता गॅरेजचं. फियाटने इथे गाड्या बनवणं थांबवून वर्षं झाली. रांजणगावच्या कारखान्यातून नवी पुंटो येणार नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आमच्या ग्रुपवर कुणाकडे लोअर आर्म जादा आहे, कुणाकडे हेडलॅम्पची डावी बाजू आहे, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कुठल्या दुकानात फियाटच्याच लिनियाचा कोणता पार्ट आलाय, याची रोज देवाणघेवाण चालते. गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या एका अनोळखी माणसाने मला टर्बोचा होज पाईप कुरियरने पाठवला आणि पैसे घ्यायला तयार होईना. आम्ही गॅरेजात दिसतो, खरंय. पण तिथे आम्ही एकमेकांसाठी उभे असतो.

साडेसहा_हजार (गिरगाव)

वृश्चिकभाऊ, नमस्कार. २००१ ची होंडा सिटी व्हीटेक, अजून माझ्याकडेच, पहिला आणि एकमेव मालक. वय ५७.

तुम्ही मुलं आज जीटीआय आणि आरएसवर भांडता. आमच्या वेळी भांडण होतं व्हीटेक आणि फियाटच्या पॅलिओ जीटीएक्सचं. सिटी १.५ व्हीटेक, १०६ बीएचपी. पॅलिओ १.६, १०० बीएचपी आणि जाहिरातीत साक्षात सचिन. कागदावर जवळजवळ बरोबरी, स्वभाव मात्र दोन टोकांचे. पॅलिओ जड, भरीव, वळणात रुतून बसायची आणि पेट्रोल प्यायची. व्हीटेक हलकी. खाली अगदी सोज्वळ, ऑफिसला नेण्यासारखी. त्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर दोन तऱ्हेचे उंचवटे असतात. हळू चालताना छोटा उंचवटा काम करतो. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, वर गेले की तेलाच्या दाबाने एक बारीक पिन सरकते, रॉकर आर्म जोडले जातात आणि मोठा उंचवटा ताबा घेतो. व्हॉल्व्ह जास्त उघडतात, आवाज बदलतो आणि तिथून लाल रेघेपर्यंत गाडी दुसरीच असते. हे पहिल्यांदा अनुभवलं तो दिवस मला आठवतो. २००२ साल, एक्सप्रेसवे नुकताच पूर्ण झालेला, शेजारी वडील बसलेले. ते एवढंच म्हणाले, "हिला बरं वाटलं वाटतं."

व्हीटेकवाल्यांवर शिक्का होता की हे प्रत्येक सिग्नलला गुरगुरतात. त्याचं कारण यंत्रात आहे. ताकद वर होती, म्हणून गिअर खाली ठेवून इंजिन फिरवावं लागायचं. टर्बोवाल्याला तेच काम दोन हजार आरपीएमला गुपचूप जमतं, म्हणून तो सभ्य वाटतो. २००३ मध्ये नवी सिटी आली, ७७ बीएचपीची, अ‍ॅव्हरेज उत्तम. देशाने ती डोक्यावर घेतली. आम्ही जुनी जपायची ठरवली.

रात्र_३४० (पवई)

सगळं वाचलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

शिक्के मत्सरातून येतात. माझी बीएमडब्ल्यूची एम३४०आय आहे. तीन लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत, ३८७ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत, आणि जोडणी चेन्नईत होत असल्यामुळे २०२१ मध्ये ६२ लाख ९० हजारांत आली. नव्या आरएसला शंभर गाठायला ६.४ लागतात, जीटीआयला ५.९, आणि त्या आल्या तेव्हा पन्नास-त्रेपन्न लाखांच्या. हिशोब ज्याचा त्याने करावा. इंडिकेटरची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता रिकाम्या पार्किंगमध्येही इंडिकेटर देतो.

आणि अभ्यासाचंच हवं असेल तर हेलसिंकी विद्यापीठाने फिनलंडमधल्या कारमालकांचा अभ्यास केला होता. हेकट, वाद घालणारे पुरुष महागड्या जर्मन गाड्यांकडे जास्त वळतात असं त्यात निघालं, आणि तेवढंच सगळीकडे छापून आलं. त्याच अभ्यासात असंही निघालं होतं की शिस्तीची, जबाबदारीने वागणारी माणसंही त्याच गाड्या घेतात, पुरुष आणि बायका दोन्ही. तो अर्धा भाग कुणी सांगत नाही.

ठाणेकरीण

३४० दादा, दुसरा अर्धा भाग सांगितलात ते बरं केलंत. पण आकड्यांचा हिशोब एवढा सरळ नाही.

जीटीआय आणि आरएस मुळात बहिणी आहेत. तेच दोन लिटरचं टीएसआय इंजिन, दोन्हीकडे २६५ पीएस आणि ३७० न्यूटनमीटर, तोच आपोआप बदलणारा सात गिअरचा डीएसजी, दोन्ही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. फरक अंगलटीत आहे. जीटीआय आखूड, वळणात चटकन तोंड फिरवणारी. आरएस लांब, मागे सहाशे लिटरची डिकी. मी दोन्ही चालवल्या आहेत आणि मला जीटीआय आवडली. कसाऱ्याला उलटसुलट वळणं लागोपाठ येतात तिथे ती दुसऱ्या वळणासाठी आधीच तयार असते, आरएसला अर्धा श्वास लागतो. पण आईबाबांना घेऊन गणपतीला सावंतवाडीला जायचं तर मी आरएसच काढेन. जीटीआयवाल्यांना बॅजवाले म्हणणाऱ्यांनी १९७६ ची पहिली जीटीआय आठवावी. ११० पीएस, फक्त पाच हजार बनवायच्या ठरल्या होत्या. आतल्या चौकटीच्या सीट आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ ही गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनर बाईंची कल्पना. चौकटी आजही आहेत. मूठ आपल्याकडे आली नाही, कारण आपल्याला हाताने टाकायचा गिअर दिलाच नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझी स्वतःची गाडी फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी, १५० पीएस, चाकणला बनलेली, मॅन्युअल. आता शिक्क्याबद्दल. तुम्हा सगळ्यांना कुठला ना कुठला शिक्का तरी मिळाला. मला मिळतो तो प्रश्न : "मिस्टरांची का?" पेट्रोल पंपावर कार्ड मी देते आणि पावती शेजारी बसलेल्या भावाच्या हातात जाते. टायरच्या दुकानात प्रेशर मी सांगते, तो माणूस भावाकडे बघून विचारतो, "बरोबर ना सर?" भाऊ स्कूटर चालवतो, गाडी त्याला येतही नाही. इतक्या दिवसांत मला एकदाही कुणी 'जीटीवाली' म्हटलेलं नाही. मुळात मी त्या यादीतच नाही.

तिसरा_गिअर

ठाणेकरीण ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रविवारच्या त्या वीस माणसांत एकही बाई नव्हती हे मला आत्ता, लिहिताना लक्षात आलं.

काका, 'हिला बरं वाटलं वाटतं' हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं.

समुद्राकडची_खिडकी

मी गाडीवाला नाही. धागा मुख्य पानावर दिसला म्हणून आलो. ब्रीच कँडीला राहतो, आठव्या मजल्यावर, खिडकीसमोर कोस्टल रोड.

रस्ता चांगला झाला, माझा त्याला विरोध नाही. आई ८१ वर्षांची आहे, झोप आधीच कमी. रस्ता चोवीस तास सुरू झाल्यापासून शुक्रवार आणि शनिवार आम्ही धरून चालतो. रात्री एकच्या सुमाराला आधी लांबून एक सूर येतो, वाढत जातो, मग बंदुकीचे बार उडावेत तसे चार-पाच आवाज आणि शेवटी पुन्हा शांतता. आई दचकून उठते आणि विचारते, "काय फुटलं?" दर वेळी मी सांगतो, गाडी गेली. ती गाडी जीटीआय होती की आरएस की आणखी कुठली हे मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची इच्छाही नाही. तुमच्यापैकी कुणाला ते आवाज कसे निघतात हे माहीत असेल तर सांगा. ते आपोआप होतात की मुद्दाम केलेले असतात?

वृश्चिक_रास

मुद्दाम, दादा. खरं तेच सांगतो.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाला पेट्रोल लागत नाही. कंपनीच्या सेटिंगमध्ये ते बंद होतं. लॅपटॉप लावून सॉफ्टवेअर बदललं की ते चालू ठेवता येतं आणि ठिणगी उशिरा पडते. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टमध्ये जाऊन फुटतं. सायलेन्सर काढून सरळ पाईप टाकला असेल तर तो आवाज आठव्या मजल्यापर्यंत जाणारच. काही गाड्यांत कंपनीकडूनच थोडं असतं, पण बंदुकीसारखं नाही. याने गाडी तसूभरही पळत नाही. उलट धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतो. माझ्या गाडीवर हे दोन महिने होतं. बोगद्यात शिरताना काच खाली घ्यायचो. आमच्या मजल्यावर बाळ आलं तेव्हा काढून टाकलं. बाळ यायची वाट बघायला नको होती.

आईंना आमच्यातर्फे नमस्कार सांगा.

रात्र_३४०

खिडकीवाले साहेब, माझ्या पहिल्या प्रतिसादात मी सगळं मत्सरावर ढकललं होतं. ते मागे घेतो. तुमच्या आईंना मत्सर वाटायचं काहीच कारण नाही.

इंजिनाचा आवाज मला प्रिय आहे हे मात्र लपवणार नाही. सहा सिलिंडरचा तो सूर ऐकण्यासाठीच मी एवढे पैसे मोजले. पण तो ऐकायला मी पहाटे पाचला पवईहून निघून कसाऱ्याच्या पुढे जातो. कोस्टल रोडवर ८० ची मर्यादा आहे, सी लिंकवरही ८०, आणि या गाड्या तिथे दुसऱ्या गिअरातच त्याच्या पुढे जातात. म्हणजे मुंबईत या गाड्यांची ताकद वापरायला जागाच नाही. ट्रॅक म्हणाल तर चेन्नई, कोइंबतूर नाहीतर ग्रेटर नोएडा. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेत पळवायच्या, स्पर्धा झाल्या आहेत, तेवढंच जवळचं. एवढ्या मोठ्या शहराला पाऊण तासावर, पैसे भरून, हेल्मेट घालून गाडी पळवता येईल अशी एक जागा असती तर रात्री एकची गर्दी बरीच कमी झाली असती, असं मला मनापासून वाटतं.

दहा_नंबर_पाना (लालबाग)

नमस्कार. मी लिहीत नाही, वाचतो. सव्वीस वर्षं गाड्यांखाली आहे. मुलगा टाईप करून देतोय.

तुम्ही सगळे बॅज बघताय. माझ्याकडे गाडी आली की मी आधी खाली वाकून टायर बघतो. टायरच्या अंगावर, रिमच्या जवळ, लंबगोलात चार आकडे असतात. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. मग कडेचा रबर. पुढच्या चाकाची बाहेरची कड झिजलेली आणि मधला भाग चांगला असेल तर हा वळणात वेगाने शिरून मग ब्रेक मारणारा. चारही सारखे झिजलेले, व्हॉल्व्हला टोपी, म्हणजे महिन्याला हवा बघणारा. मग ब्रेक ऑइलचा रंग. चहासारखा काळा झाला असेल तर याने पन्नास हजारांचं एक्झॉस्ट लावलं आणि हजार-दीड हजाराचं ऑइल बदललं नाही.

हे मी पॅलिओत बघितलं, सिटीत बघितलं, कोट्यवधीच्या गाडीतही बघितलं. माझ्याकडे एक रिक्षावाले होते, त्यांचे टायर या सगळ्यांपेक्षा चांगले असायचे. आणि एक बाई यायच्या, मारुतीची जुनी एस्टीम, ८५ बीएचपीची. येताना वहीत लिहून आणायच्या कुठल्या किलोमीटरला काय बदललं. ताई, पंपावरच्या माणसाचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमची गाडी लिफ्टवर घेतली की तुम्ही कोण ते कळतं.

तिसरा गिअर साहेब, तुमची २०१८ ची आहे म्हणता. मागचे टायर बघितलेत कधी?

साडेसहा_हजार

पाना साहेब, मी लगेच खाली जाऊन बघून आलो. चारही २०२३ चे. ब्रेक ऑइलची तारीख मात्र आठवेना. उद्या बदलतो.

रात्र_३४०

यांचं ऐका. आधीची माझी जुनी ३ सिरीज, मागच्या चाकांवर चालणारी. जुलै महिना, कसारा, उतार, वेग पन्नासही नसेल. वळणात मागची बाजू निघाली, गाडी पूर्ण फिरली आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात तोंड घालून थांबली. दरीच्या बाजूला गेली असती तर हा प्रतिसाद लिहायला मी नसतो. शेजारी बहीण होती. गाडीचा काही दोष नव्हता. मागचे टायर गुळगुळीत झाले होते, आणि त्याच महिन्यात मी वीस हजारांचं स्टिअरिंग व्हील बदलून घेतलं होतं.

तिसरा_गिअर

पार्किंगमधून लिहितोय. मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं.

पुढचे दोन २०२३ चे, ते मीच बदलले होते. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, तेच झिजतात, म्हणून तेवढेच बदलले. मागच्या दोन्हींवर ०९१८. गाडीबरोबर आलेले. नक्षी अजून चांगली दिसते, म्हणून कधी वाकून बघितलंच नाही. नख रोवून बघितलं, दगड झालाय, आणि दोन खाचांच्या मधे केसासारख्या बारीक चिरा आहेत. याच टायरवर आम्ही ऑगस्टमध्ये चौघं ताम्हिणीतून आलो, मागे मुली झोपलेल्या होत्या.

टॉर्च घेऊन वाकलेलो असताना सेक्रेटरी खाली आले. काय शोधताय विचारलं, त्यांना ते चार आकडे दाखवले. ते स्वतःच्या गाडीकडे गेले, चष्मा वर केला, वाकले आणि मला टॉर्च मागितला. त्यांचे २०१६ चे निघाले.

पाना साहेब, दोन गाड्या घेऊन येतो. शनिवारी सकाळी दुकान किती वाजता उघडता? आणि नवे दोन पुढे टाकायचे की मागे?

दहा_नंबर_पाना

नऊला. नवे नेहमी मागे टाकायचे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढचे घसरले तर स्टिअरिंगला कळतं आणि पाय आपोआप सुटतो. मागचे घसरले तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. तुमचे २०२३ चे आहेत ते पुढे राहू द्या.

येताना मुंबई महापालिकेच्या कृपेने वाटेत पेव्हर ब्लॉक उखडलेत, भारतमाता थिएटरच्या बाजूने या, तिकडून आत वळायला सोपं पडतं.

ठाणेकरीण

शनिवारी मीही येते. भावाला आणत नाही.